ज्याचं चित्र त्याचं

वृंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये एका आजींचा गुडघा वाकवत होते. मी फिजिओथेरपिस्ट, ती आर्ट थेरपिस्ट. आमच्या खोल्या शेजारीशेजारी. आजींचा व्यायाम पुरा केला, मग तिच्या खोलीत जाऊन दार लावून रडले... आजारपण लांबलं होतं, तरी मन तयार नव्हतं.

आर्ट थेरपी म्हणजे ड्रॉइंग क्लास नव्हे, हे सांगण्यात तिचा जन्म गेला. मानसशास्त्र शिकून, वर रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या या बाईला लोक वाढदिवसाला मुलांचे चेहरे रंगवून द्याल का, असं विचारायचे आणि ती भडकायची. तिच्या खोलीत चित्राला चांगलं-वाईट म्हणायची बंदी होती. "छान म्हटलं ना, की पुढच्या वेळी पेशंट माझ्यासाठी काढतो गं," असं तिचं म्हणणं. आणि ज्याचं चित्र त्याला विचारल्याशिवाय ते कुणालाही दाखवायचं नाही. सगळी चित्रं कपाटात कुलूपबंद. मीसुद्धा कधी पाहिली नाहीत.

भांडुपचे सावंतकाका बायको गेल्यावर बोलायचेच थांबले, म्हणून तिच्याकडे आले. बाबांनी निदान गणपती तरी काढावा, असं मुलाला वाटे. काका मात्र आठवड्यामागून आठवडे कागद काळे करत राहिले आणि वृंदा शेजारी बसून नवा काळा खडू तेवढा पुढे करायची. मुलगा वैतागला, डॉक्टर कुरकुरले, ही ढिम्म हलली नाही. मग एके दिवशी काकांनी बाहेर बसलेल्या मुलाला हाक मारून आत बोलावलं आणि कागद दाखवला. त्यात काय होतं, मला माहीत नाही. बापलेकांचं रडणं तेवढं भिंतीपलीकडून ऐकू आलं. पुढे तेच कुरकुरणारे डॉक्टर आपणहून तिच्याकडे पेशंट पाठवू लागले.

ट्रस्टींना वार्षिक समारंभात या चित्रांचं प्रदर्शन हवं होतं. नाही म्हणाल तर खोली काढून घेऊ, असंही सुचवून झालं. तिनं शांतपणे विचारलं, "रक्ताचे रिपोर्ट फ्रेम करून लॉबीत लावता का तुम्ही?" विषय तिथेच संपला. खोली राहिली.

संपला, असं आम्हाला वाटलं. पण वृंदाची शोकसभा ठरली आणि श्रद्धांजली म्हणून ट्रस्टींनी पुन्हा त्याच प्रदर्शनाचा विषय काढला! मेलेली बाई भांडायला येणार नाही, असा हिशोब असावा. पण मी होते ना. कपाटाची किल्ली तिनं आजारपणात माझ्याकडे दिली होती. ती मी ट्रस्टींना दिली नाही. नोकरी जाईल अशी बोलणी खाल्ली, तरी दिली नाही. एकेका पेशंटला फोन करून विचारलं. एका मुलीनं खुशाल लावा म्हटलं, तिचं लावलं. बाकीच्यांनी आपापली चित्रं नेली.

सभेच्या दिवशी सावंतकाका आले आणि आपली गुंडाळी काखेत मारून निघाले. लॉबीत ट्रस्टींनी अडवलं, अगदी गोडीत म्हणाले, आम्हाला बघू तरी द्या. काका थांबले आणि आपल्या मालवणीत म्हणाले,

"तुमका कित्याक दाखवू? माझा आसा ता."

आणि ते चालू लागले.

लॉबीच्या भिंतीवर आज त्या मुलीचं एकच चित्र आहे. प्रदर्शनासाठी ठोकलेले बाकीचे खिळे रिकामे आहेत. ते उपटायला आलेल्या माणसाला मी परत पाठवलंय.