नेश म्हणवून घ्यायचं नव्हतं

"थंडी बाहेरच असते, राजा, आपण घेतो म्हणून ती आत येते," असं अर्नॉल्ड ब्लोर मला एकदा म्हणाला होता. त्या वेळी त्याच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

इंग्लंडमधल्या लाँगटनच्या एका विटकरी गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. इथे राहून मी एक शब्द शिकलो, जो लंडनच्या माणसालाही बहुधा ठाऊक नसतो: नेश. मुळात त्याचा अर्थ मऊ, कोवळं. आता तो माणसाला लावतात, इतरांच्या आधी ज्याला हुडहुडी भरते अशा माणसाला. मी त्याच्यासाठी मराठी शब्द शोधत राहिलो. 'नाजूक' म्हटलं तर त्यात कौतुक शिरतं. 'गारठलेला' म्हटलं तर ते तेवढ्यापुरतं. नेश हा ठपका आहे. तो कुणी स्वतःला लावून घेत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात मफलर दिसला की हसत हसत त्याच्यावर फेकतात.

अर्नॉल्डवर तो पहिल्यांदा फेकला त्याच्या आईनेच, शाळेत जाताना त्याने हातमोजे मागितले म्हणून. पुढे तो चिनीमातीच्या कारखान्यात लागला. कच्च्या कपांची लांब फळी खांद्यावर घेऊन उघडं अंगण ओलांडायचं, बर्फ पडत असला तरी बाह्या दुमडूनच. एखाद्याने कोट घातला की वरच्या खिडकीतून रंगकाम करणाऱ्या बायका ओरडायच्या, "ए नेश, शेगडी आणून देऊ का रे?" अर्नॉल्डने कोट घातला नाही. त्या खिडकीतली सर्वांत मोठ्या आवाजाची मुलगी, मेव्हिस, त्याची बायको झाली. कारखाना पाडला, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. ती खिडकी मात्र त्याच्या डोक्यात उघडीच राहिली.

त्याच्या घरात नियम होता: नोव्हेंबरात गावभर शेकोट्या पेटतात, त्या रात्रीआधी हीटिंग लावायचं नाही. गल्लीतल्या बऱ्याच घरांत हा नियम होता. बाकीच्यांनी तो हळूच सोडला.

गेल्या ऑक्टोबरात मेव्हिस न्यूमोनियातून उठून इस्पितळातून घरी आली. खोली उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आठवड्याभराने त्यांची मुलगी, लोरेन, तिच्या गावाहून, क्रूहून, आली ती थेट माझ्या दारात. "चला तुम्ही. बाबा तुमचं तरी ऐकतील."

आत मेव्हिस दोन स्वेटर घालून खुर्चीत बसली होती. ओठ निळसर. लोरेनने भिंतीवरचं हीटिंगचं गोल बटण फिरवलं. अर्नॉल्ड उठला आणि त्याने शांतपणे ते परत मागे फिरवलं.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"क्रूला गेल्यापासून नेश झालीस तू. तिथे काय, अंघोळ करतानाही टोपी घालता?"

"आईकडे बघा जरा!"

"तिला विचार ना. मेव्हिस, थंडी वाजतेय तुला?"

"मला? छे," मेव्हिस म्हणाली आणि खोकत राहिली.

मला दोघांचाही संताप आला. एवढ्या साध्या गोष्टीवर दोन म्हातारी माणसं अडून बसली होती. मी म्हटलं, "अर्नॉल्ड, आजारी माणसाला कोण नेश म्हणणार आहे?"

"आजारी?" तो हसला. "ही कारखान्यात कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडून बसायची. विचार तिला."

"बास," लोरेन म्हणाली. "मी लावलं तर माझी पाठ फिरली की तुम्ही बंद करणार. मी आईला घेऊन जातेय. कायमची."

अर्नॉल्डचं हसू गेलं. मेव्हिस इस्पितळात होती तेव्हा हा माणूस रोज दोन कप चहा करायचा आणि दुसरा ओतून द्यायचा. ती गेली तर या घरात त्याचं काय होणार, हे मला माहीत होतं. त्यालाही.

"मला नाही जायचं क्रूला," मेव्हिस म्हणाली. मग खुर्चीचे हात घट्ट धरून तिने त्याच्याकडे पाहिलं. "अर्नॉल्ड, मला थंडी वाजते. तेव्हाही वाजायची, त्या खिडकीत. तुम्ही पोरं खालून बघायचात, म्हणून मी उघडी ठेवायचे."

तिने भिंतीवरच्या बटणाकडे बोट केलं.

"एकदा लाव ते. तुझ्या हाताने लाव, म्हणजे मी राहते."

अर्नॉल्ड भिंतीपाशी गेला. हात वर केला. बोटं बटणावर टेकली. त्या क्षणी मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, फिरव, बाबा, फिरव. मेव्हिस त्या हाताकडे अशी बघत होती, जणू आयुष्यात दुसरं काही तिने मागितलंच नव्हतं.

हात खाली आला.

लोरेनने आईचा कोट खुंटीवरून काढला आणि एक एक बाही चढवू लागली. मेव्हिसने विरोध केला नाही. बटणं लावून घेताना ती भिंतीकडेच बघत होती.

अर्नॉल्डने आम्हा तिघांकडे पाहिलं, जणू आम्हीच त्याला कुठेतरी अडवून धरलं होतं. मग त्याने मागचं दार उघडलं आणि कोट न घालताच तो बाहेर थंडीत निघून गेला.