मास्तरांचा डावा पाय

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर रोज जेवतानाही टेबलाखाली डावा पाय दाबत. शिकाऊ चालकाशेजारी बसून आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबायची ती सवय. पन्नाशीत त्यांनी हौसेनं स्पोर्ट्स बाइक नोंदवली आणि ती येईपर्यंत धास्तीनं त्यांची झोप उडाली.

पहिल्या दिवशी ते जीव मुठीत धरूनच निघाले. नुसती मूठ पिळली तरी गाडी अंगाखालून पळू बघत होती. वळणावर ट्रक समोर आला आणि डावा पाय आपसूक दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. तो एकदम खाली पडला आणि मागचं चाक घसरलं. ट्रक कोपराजवळून गेला.

गाडी ढकलतच ते घरी आले आणि टेबलाशी बसले.

"काय, फिटली का पोरकट हौस?" बायकोनं विचारलं.

टेबलाखाली पाय अजून दाबलेलाच होता.

"चहा टाक," ते म्हणाले, "कप अर्धाच भर, नाहीतर सांडेल."