तुटलेले बार आणि उघडी करंजी

"तुमच्या पोरीने बार वाकडे बसवले असणार," परब साहेब आमच्या मॅडमना म्हणाले. ती पोरगी मी. त्यांच्यासमोरच उभी होते.

अंधेरीच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी ट्रेनी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परब साहेबांचं मुलुंडला वर्कशॉप आहे. झिजलेल्या टायटॅनियमच्या पार्टवर ते लेझरने धातूची पावडर वितळवून थर चढवतात. पार्ट नव्यासारखा दिसतो. पण टिकेल का, हे फटीग टेस्ट सांगते. तसाच दुरुस्त केलेला बार, म्हणजे धातूची छोटी दांडी, मशीनमध्ये धरायचा आणि ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. त्यांचे बार फारच लवकर तुटले होते. बसवले होते मी. वाकडे बसले असतील तर मला पुन्हा मशीनला हात कोण लावू देणार?

लॅबच्या हेड कांबळे मॅडम शांतपणे म्हणाल्या, "परब, आधी तुटलेली जागा बघू. मग कोणाला फाशी द्यायची ते ठरवू. तू ये गं, मायक्रोस्कोपवर तूच बस."

तडा जिथून सुरू झाला, तिथे अगदी कडेला एक बारीक गोल भोक होतं. थर चढवताना अडकलेला वायूचा बुडबुडा. प्रत्येक बारमध्ये तेच; म्हणजे दोष माझ्या बसवण्याचा नव्हता.

"अहो, पण आम्ही हिप करून घेतो!" परब साहेब म्हणाले. हिप म्हणजे भट्टीत तापवून सगळीकडून गॅसचा प्रचंड दाब द्यायचा. आतली भोकं दाबून बंद होतात. मग ही का नाही झाली?

मला काहीतरी वाटत होतं, पण धीर होत नव्हता. मॅडमनी ओळखलं. "बोल ना. चुकलीस तर चुकलीस."

"सर, भट्टीत पाठवायच्या आधी तुम्ही घासता का?"

"घासतो म्हणजे? एकदम चकाचक! दुसऱ्याच्या दारात मळका माल नाय पाठवत आपण."

माझी आई घाटकोपरला फराळाच्या ऑर्डरी घेते. करंजीची बाजू उघडी राहिली की तळताना तेल आत शिरतं. इथे घासताना वरचा पातळ पापुद्रा गेला, कडेची भोकं उघडी पडली आणि गॅस आत शिरला. आत जेवढा दाब, तेवढाच बाहेर. भोक मिटणार कसं? मी हे करंजीसकट सांगितलं.

परब साहेबांनी एक तुटलेला बार उचलून त्याची कड बघितली. मग म्हणाले, "च्यायला. म्हणजे माझ्या स्वच्छतेनेच वाट लावली."

पुढचे बार त्यांनी आधी भट्टीत पाठवले, मग घासले. "हिलाच बसवू द्या," असंही त्यांनीच सांगितलं. या वेळी ठरलेली टेस्ट पूर्ण झाली, तरी एकही बार तुटला नाही.

त्या दिवशी मॅडमनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं नसतं, तर मी वाकडे बार बसवणारी पोरगीच राहिले असते. हे मी त्यांना अजून नीट सांगू शकलेले नाही.

परब साहेबांनी दिवाळी नसताना आईला करंज्यांची ऑर्डर दिली. अट एकच, बाजू नीट बंद हव्यात. आणि मी शिकले ते एवढंच: चकाचक जरूर करावं, पण शेवटी.