आईंचे चीजवाले आलू

फोन आला तेव्हा मी पंडरीच्या कापडबाजारात पडद्यांचं कापड बघत होते. "आई गेली," एवढंच हे म्हणाले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. अहो, तासाभरापूर्वीच तर त्यांनी मला दारात अडवून बजावलं होतं, "येतानी आलू आणजो. मोठे पाह्यजो, लहान आणशील तर परत पाठवीन!" कापड तिथंच टाकून मी ऑटोत बसले आणि घरी येईपर्यंत रडले. महिना झाला त्याला. पण आता कुणी त्यांचं नाव काढलं की रडू बाजूला राहतं आणि मी हातवारे करत सुटते... काय बाई होत्या!

सत्तरीत ओव्हन शिकल्या. निमित्त झाली माझी मुलगी मिठी. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. एक दिवस मैत्रिणींबरोबर बाहेर जेवून आली आणि म्हणाली, "दादी, चीज वाला बेक्ड आलू खाया. आपसे नहीं बनेगा." झालं! आईंनी पदर खोचला. "काहून नाही बनणार? आलूच तर आहे!" पहिल्या दिवशी आलूला टोचे मारायचे राहिले आणि तो ओव्हनमध्ये फाडकन फुटला. मी किंचाळले, त्या मात्र टाळ्या पिटून हसत होत्या. पुढं हात असा बसला म्हणता! आलू काट्यानं टोचायचा, तेल-मीठ चोळून भाजायचा, मधून कापून चमच्यानं गर काढायचा, पण कडेला बोटभर ठेवायचा, नाहीतर साल फाटते. मग त्या गरात शिमला मिरची, गाजर, मक्याचे दाणे, लोणी, मिरपूड. ते परत सालीत शीग लागेपर्यंत भरायचं, वरून चीज किसायचं आणि पुन्हा आत. त्या ओव्हनसमोर स्टूल टाकून बसायच्या आणि अख्ख्या घराला हाका मारायच्या, "या लवकर, वितळून राह्यलं, वितळून राह्यलं!"

करायच्या ते वरण-भाताला तोंडी लावायला. आमचे बाबा, म्हणजे सासरे, रेल्वेतून रिटायर झालेले. कवळी बसवल्यापासून भाजी बघून नाक मुरडायचे. पण हा आलू दिसला की भाताआधी दोन संपवायचे. आई रागावल्याचं सोंग करायच्या आणि तिसरा वाढायच्या.

आई गेल्या आणि बाबांनी जेवणच सोडलं. तसं तोंडानं म्हणायचे नाहीत. जन्मभर आईंच्या उपासांची टिंगल केली या माणसानं, आणि आता त्यांचे सगळे उपास स्वतःकडे घेतले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उरलेल्या दिवशी "भूक नाही". पँट कमरेवर राहीना. मी आधीच तापट. एकदा भडकलेच, "बाबा, तुम्हाला आईंच्या मागं जायचंय का?"

ते शांतपणे मान डोलावून म्हणाले, "हव."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. ह्यांनी समजावलं, मिठीनं लाडीगोडी लावली, मी साखर घालून ताक दिलं... सगळं परत यायचं.

मागच्या आठवड्यात ठरवलं, आता आलूच. आईंनी केला असता तसाच! दोनदा साल फाटली, बोटं भाजली, पण तिसऱ्या खेपेला असा काही खरपूस उतरला, की मीच स्टुलावरून ओरडले. ताटली बाबांसमोर नेऊन ठेवली. त्यांनी वास घेतला.

"आज एकादशी आहे," ते म्हणाले.

कपाळावर हात मारून घेतला मी! नुसता आलू चालला असता हो, पण आत शिमला मिरची, मका, सगळं उपासाला न चालणारं ठासून भरलेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ताटली उचलायला गेले तर बाबांनी ती घट्ट धरलेली. आणि ते चक्क हसत होते!

"तुझ्या सासूनंबी हेच केलं होतं. एकादशीलेच. सैंधव मीठ आठवणीनं घातलं अन् शिमला मिरची भरून बसली. अर्धा खाल्ल्यावर ध्यानात आलं तिच्या."

"मग?"

"मग काय! माझ्याकडं पाह्यलं, उठून दाराची कडी लावली, अन् उरलेला अर्धाबी खाऊन टाकला. मले शपथ घातली, सुनेले सांगायचं नाही म्हणून."

माझा आ वासलेला तसाच. माझ्या हातून उपासाच्या खिचडीत एकदा हळद पडली, तर दिवसभर पाण्यावर राहिलेल्या बाई त्या! मी रडता रडता खदखदा हसायला लागले, आणि बाबांनी आलू मोडला. चीजची तार लांबत गेली, तिला शिमला मिरचीचा एक तुकडा लटकलेला.

"तिले चालली," ते म्हणाले, "मग मले काहून नाही चालणार?"

आणि खाल्ला. कवळी सांभाळत, सालीसकट, अख्खा.