फोर्टनाइट

मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आमचे बाबाही गेले. सरकारी दफ्तरात हेडक्लार्क ते. टेबल जाईल तिकडे जायचं. भोपाळला राहायला क्वार्टर मिळेना, म्हणून आई आणि मी इंदुरातच राहिलो, बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत.

एक शनिवार सोडून बाबा यायचे आणि रविवारी जेवून दुपारच्या बसनं परत निघायचे. निघताना आई त्यांच्या हातावर दही घालायची, सुखरूप परत यावेत म्हणून. ते चाटून बाबा म्हणायचे, "बरं, फोर्टनाइटनं येतो." साहेब लोकांत राहून चिकटलेला शब्द. सरळ पंधरा दिवसांनी म्हणा की! पण नाही.

आई मोठी खंबीर. शेजारणीनं "करमतं कसं गं तुला?" विचारलं की म्हणायची, "न करमायला काय झालं? मजेत आहोत." बाबांनाही हेच उत्तर, आणि त्यांना ते खरं वाटायचं! मला भारी राग यायचा. दिवेलागण झाली की ती दाराला कडी घालायची, वर पाटा टेकवून ठेवायची. सकाळी डोळे लाल. चुलीचा धूर म्हणे.

एका रविवारी बाबांनी जेवता जेवता खबर दिली. भोपाळलाच बढती मिळत होती. इंदूरच्या दफ्तरात एक जागा रिकामी होती, पण आहे त्याच पगारावर.

"उद्या साहेबांना सांगायचंय. तू म्हणशील तसं."

"घ्या की बढती," आई वरण वाढत म्हणाली. "आमचं इथे काय अडलंय?"

बाबांनी मान हलवली. झालं! म्हणजे आता बाबा कायमचे तिकडे. मला रडू फुटणार होतं. ते दाबायला मी तोंडाला येईल ते विचारलं. सहावीत इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. "बाबा, फोर्टनाइटमध्ये नाइट कुठून आली हो?"

असलं काही विचारलं की बाबा खूश. "अगं, मुळात ते फोर्टीन नाइट्स, चौदा रात्री. बोलून बोलून झिजलं. फार पूर्वी ते लोक काळ रात्रींवर मोजायचे. सात रात्रींचाही एक शब्द होता, सेनाइट. तो मेला बिचारा, हा टिकला. आपला पंधरवडा बघ, दिवसांचा."

"शहाणेच म्हणायचे मग," आई पटकन बोलून गेली. "दिवसाचं काय, तो कामात जातो. रात्रच जात नाही मेली."

बाबांचा हात ताटातच थांबला. ते नको म्हणत असतानाही आईनं त्यांना भाताचा मोठा ढीग वाढला आणि खाली बघत बसली.

"आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? पोरीसमोर काहीतरीच तुमचं!"

त्या दिवशी बाबांनी दही चाटलं, पण येतो केव्हा ते सांगितलंच नाही. नुसते गेले.

पुढच्या महिन्यात दारात टांगा थांबला. बाबा, ट्रंक आणि होल्डॉल. समोरच्या दुकानदारानं हटकलं, "क्यों भिया, भोपाल रास नहीं आया?"

"नहीं जी," बाबा म्हणाले, "वहाँ रात बहुत बड़ी होती है."

आईनं अस्सा तोंडाचा पट्टा सोडला! "बढती सोडून आलात? अक्कल कुठे गहाण टाकली? लोक काय म्हणतील?" बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला. त्या वेळी चूल पेटलेलीही नव्हती. मग मीही रडून घेतलं.

सोमवारी बाबा नव्या दफ्तरात निघाले, पायी, हाकेच्या अंतरावर. आई दह्याची वाटी घेऊन दारात हजर.

"अगं, इथेच तर जातोय!"

"हात करा पुढे."

त्यांनी मुकाट्यानं दही चाटलं. आई वाटी घेऊन तिथेच उभी राहिली, आत जाईना. मग बाबांच्या लक्षात आलं.

"संध्याकाळी येतो," ते म्हणाले.

"या," आई म्हणाली आणि आत गेली.