आधी डोळ्याला बोट

रात्री बाळाला हात लावण्याआधी तो स्वतःच्या डोळ्याला बोट लावायचा. पापणी खाली ओढून एका हाताचं बोट टेकवायचा, जरा थांबायचा, मग दुसऱ्या हाताचं. रडणारं बाळ पुढे धरून बायको ताटकळली तरी म्हणणार, "थांब वं, पह्यले डोया." आधी डोळा. आग झाली नाही की मगच ओला लंगोट सोडायला बसणार.

तुम्हाला हसू येईल, पण नंदुरबारचे असाल तर येणार नाही. तो मिरचीच्या पथारीवर कामाला होता. गावाबाहेर लाल मिरची वाळत पसरलेली असते, ती दिवसभर उलटीपालटी करायची, गोळा करून पोत्यात भरायची. घरी आला की हाताला गोडेतेल चोळायचा, मग राख, मग साबण. मी म्हणायचे, "अरे, कातडं सोलशील." तर म्हणे, "साबणले काय समजस ताई? डोयाले समजस."

आमची भिंत एकच होती. मी शिवणकाम करते, तेव्हा त्याच्या लेकीचे लंगोट मीच शिवले, तेही त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याचे. म्हातारीने अंगावर मऊ केलेलं कापड बाळाला लाभतं म्हणतात. विकतच्या डायपरचं कोणी नाव काढलं की म्हातारी फणकारायची, "पोरले पिशवी नको बांधू." दिवस कलला की ती लंगोट अंगणातल्या दोरीवरून काढून घरातल्या वलणीवर टाकायची. तिन्हीसांजेनंतर बाळाचं कापड बाहेर राहू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

बायकोचे टाके दुखायचे, म्हणून रात्रीचं सगळं त्याने अंगावर घेतलं. बाळ कुरकुरलं की हा आधी उठणार, ओलं काढणार, वलणीवरचं कोरडं बांधणार, मग बाळ तिच्या पदराखाली देणार आणि पिऊन होईपर्यंत भिंतीला टेकून पेंगत बसणार. गल्लीतल्या पुरुषांना फार गंमत वाटायची. मीही सोडलं नाही. "बाळंतपण कोणाचं रे, तुझं की तिचं?" तर हा गंभीरपणे सांगतो, "अर्धं मन्हं."

मग बाळ रात्री रडायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं, हे वेगळं होतं. तो लंगोट बदलायचा तोवर ठीक असायचं. आईच्या मांडीवर गेलं, चार घोट प्यायलं, की किंचाळायचं, पाय आखडून घ्यायचं. कमरेखाली लालभडक झालेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, ओलं राहू देऊ नका. झालं, हा आणखी जास्त वेळा उठून बदलायला लागला. रडणं वाढलंच.

दिवसा, सगळ्यांच्या देखत, मात्र पोर गुणाची. म्हातारीच्या डोक्यात शिरायला एवढं पुरे होतं. "पोऱ्याना हातमा पोर चूप ऱ्हास. तिन्हा मांडीवर गई का रडस. ती काहीतरी करस." आधी घरात म्हणाली, मग ओट्यावर, मग सगळ्या गल्लीत. कोणी म्हणालं चिमटे काढत असेल, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. त्याच्या बायकोची मला फार कीव यायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्याच हातांकडे बघत बसायची. मला एकदा हळूच विचारलं, "ताई, झोपमा मन्हा हातनं काही व्हत व्हई का?"

शेवटी म्हातारीने सुनेच्या भावाला बोलावून तिला रनाळ्याला माहेरी धाडलं. बाळ ठेवून घेतलं. तो आईपुढे काही बोलला नाही. त्याचा मला संताप आला होता, अजूनही येतो. अंगावर पिणारं लेकरू, आणि आई दुसऱ्या गावी दूध पिळून टाकते आहे.

त्याच रात्री माझं दार वाजलं. तो उभा, एक डोळा लाल, पाणी वाहतंय, हातात कोरडा लंगोट. पलीकडे त्याच्या घरात बाळ किंचाळत होतं. नेहमीसारखं डोळ्याला बोट लावून त्याने लंगोट बदलला होता, मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने दूध पाजत होता, आणि बाळ त्याच्याच मांडीवर तसंच रडलं. घाम पुसायला त्याने हात तोंडावरून फिरवला, तर डोळा पेटला.

"ताई, हाई डोयाले लाई दखा."

मी लंगोट पापणीला लावला. आई गं, काय आग ती. आधी काही नाही, मग जरा वेळाने चढत जाणारी.

आम्ही त्याच्या घरात धावलो आणि दोघांनी एकदमच वलणीकडे पाहिलं. लंगोटांच्या रांगेला लागून त्याचा पथारीवरचा शर्ट लोंबत होता. रोज रात्री तिथेच लोंबायचा; दिवसा लंगोट अंगणातल्या दोरीवर आणि शर्ट त्याच्या अंगावर. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती आम्ही सगळ्यांनी.

सकाळच्या गाडीने रनाळ्याला निघालो. बाळ माझ्याकडे होतं. "पोर तुमी ल्या, मी नही धरस," एवढंच तो वाटेत बोलला.

बायको ओसरीत बसली होती. त्याने सांगितलं, "तू नही वं. मन्हा शर्टनं व्हयनं." तिने ऐकून घेतलं आणि नाही अशी मान हलवली. तिला वाटलं, हा माझ्यासाठी आळ अंगावर घेतोय. मग त्याने रात्रीचा तोच लंगोट तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला आणि डोळ्याला लावला. वाट पाहिली. पाणी आलं तेव्हा म्हणाली, "म्हंजे मी नही?" आणि बाळंतपणापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडतच तिने माझ्याकडून बाळ ओढून घेतलं.

त्यानंतर ती घरी आली, रात्रीचे लंगोट स्वतः बदलू लागली. हा उशाशी बसून मोबाइलची बॅटरी धरायचा. पथारी सोडली, शर्ट जाळला, पण पोरीला हात लावेना. ती म्हणायची, "ल्या ना जराशी." तर म्हणे, "तू ले. मी उजेड धरस."

पुढे सुरतेला कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. ते निघाले त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते. ते डब्यात बसले, मी बाहेर खिडकीशी. पोर आता बसायला लागलेली. बायकोने तिला उचलून त्याच्यापुढे धरलं.

"पह्यले डोया," ती म्हणाली.

त्याने एक बोट लावलं, मग दुसरं.

"आग व्हस का?"

"नही."

"मंग ल्या."

त्याने घेतली, पण मुठी घट्ट मिटून, मनगटांवर तोलून. गाडी सुटली तेव्हा बायको त्याचं एकेक बोट उघडत होती.