दादाच्या हातचं लिंबू सरबत

मंडळी, आज लोणावळ्यात फिजिओथेरपीच्या खोलीत चक्क लिंबू सरबत झालं!

माझा दादा लोहगडवाडीत ट्रेकर्सना सरबत विकायचा. गेल्या वर्षी स्टॉलची ताडपत्री बांधताना पडला आणि मानेच्या मणक्याला मार लागला. आता हात उचलतो, पण बोटं मिटत नाहीत. म्हणून फिजिओच्या मॅडम त्याच्या हाताला पट्ट्या चिकटवून बारीक करंट देतात. करंट आला की बोटं मिटतात, तेवढ्यात स्पंजचा चेंडू दाबायचा.

आज दादा जाम वैतागला. "स्पंज दाबून काय निघतंय? उद्यापासून मी न्हाई यायचो."

मी खाली जाऊन लिंबू आणलं आणि अर्धं कापून त्याच्या हातात दिलं. मॅडमनी बटण दाबलं. बोटं मिटली आणि पहिली पिचकारी थेट मॅडमच्या चष्म्यावर! पुढचा रस मात्र बरोबर ग्लासात.

करंट थांबला तशी बोटं पुन्हा सैल पडली. पण दादाचं तिकडं लक्षच नव्हतं. पडल्यापासून पहिल्यांदाच तो स्टॉलवरच्या आवाजात ओरडला, "बोला मॅडम, गोड का खारं?"

उद्या येताना लिंबं घ्यायला त्यानंच बजावलंय. तुमचंही सांगून ठेवा, दादा विचारतोय: गोड का खारं?